घोड्याला गुंगीची सुई "लागत नाही"? दुसरी भरण्याआधी हे पाहून घ्या

तुळशीचं लग्न लागलं की माझा फोन वाजायला लागतो. वरातींचा हंगाम तोंडावर आलेला असतो आणि घोडेवाल्यांना वर्षभर पुढे ढकललेली सगळी कामं एकदम आठवतात. दाढा घासायच्या राहिल्यात, खुरात पू धरलाय, पावसाळ्यात तारेने फाटलेली जखम अजून भरत नाही. मग एखादा नवा डॉक्टर तबेल्यात जातो, गुंगीची सुई देतो आणि अर्ध्या तासाने मला फोन करतो. वाक्य जवळपास ठरलेलं असतं. "सर, सुई दिली, मान खाली गेली, ओठही लोंबला. पण हात लावला की लाथ. दुसरी देऊ का?" मागून मालकाचा आवाज येतच असतो, "मारून द्या ना जी डॉक्टरसाहेब, इले काही फरकच नाही पडून राहिला."

मी म्हणतो, सिरिंज खाली ठेव आणि आधी सांग, बिघडलंय नेमकं काय?

कारण "सुई लागली नाही" या एका तक्रारीत चार निरनिराळ्या तक्रारी असतात. घोडा मुळी सुस्तावलाच नाही. किंवा सुस्तावला, पण दुखलं की उसळतो. किंवा छान उभा होता आणि मधेच जागा झाला. किंवा उलटंच, इतका डुलतोय की अंगावर येईल. चौघांचे इलाज वेगळे आहेत, आणि "अजून एक सुई" हा त्यातल्या फार तर दीड तक्रारीचा इलाज आहे.

हे लिहितोय ते दिवसभर गायी-म्हशींत आणि कुत्र्यांत असणाऱ्या, महिन्याकाठी एखादा घोडा पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी. घोडेवाल्यांनीही वाचावं, पण डॉक्टर काय करतोय ते कळावं म्हणून. ही औषधं स्वतः टोचायची नाहीत. का, ते पुढे येईल.

सुस्तावलाच नाही

आपल्या विदर्भातल्या डॉक्टरचा हात गायीवर बसलेला असतो, आणि पहिली चूक तिथूनच येते. झायलाझिनच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या गुंगीच्या औषधाच्या बाबतीत गाय फार हळवी. किलोला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम दिलं तरी ती गप्प होते, जरा जास्त झालं की बसते. घोड्याला शिरेतून किलोला ०.५ ते १.१ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे जवळपास दहापट. आता हिशोब बघा. मि.ली.ला २० मिलिग्रॅमची बाटली हातात आहे. ३२५ किलोच्या गायीला त्यातलं दीड मि.ली. खूप झालं. तेवढ्याच वजनाच्या घोडीला किलोला १ मिलिग्रॅमने सव्वासोळा मि.ली. लागेल. वीसची सिरिंज भरत आली की भल्याभल्यांचा हात कचरतो. मनातली गाय म्हणते, "अरे, मरेल ना!" मग पाच मि.ली. दिलं जातं आणि "लागत नाही" असा शेरा बसतो.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. हेच औषध मि.ली.ला १०० मिलिग्रॅमच्या बाटलीतही येतं. तिच्यातलं सव्वातीन मि.ली. त्याच घोडीला पुरतं. "घोड्याला पंधरा-सोळा लागतात" असं पाठ केलेल्या माणसाच्या हातात ही बाटली आली की पाचपट डोस गेलाच म्हणून समजा. म्हणून मि.ली. पाठ करूच नका. आधी मिलिग्रॅम काढा, मग लेबल वाचा, मग भागाकार. मी अजूनही तळहातावर पेनाने लिहितो. घोडेवाले हसतात, हसू द्या.

वजनाचा अंदाजही डोळ्यांवर सोडू नका. वरातीच्या घोड्या बहुतेक मारवाडी-काठियावाडी रक्ताच्या, अंगाने सडपातळ. पण उंच मान आणि आयाळ बघून मालक बिनधास्त "चार क्विंटल" सांगतो. शिंप्याची फीत घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५८ आणि लांबी १५५ आली तर वजन साधारण ३२५ किलो. दोन मिनिटांचं काम आहे.

डोस बरोबर असूनही सुस्तावत नसेल, तर घोड्याच्या आसपास बघा. मागच्या हंगामात एका तबेल्यात गेलो तेव्हा शेजारच्या गोडाऊनमध्ये डीजेवाला स्पीकर तपासत होता. घोडीचे कान कात्रीसारखे पुढे-मागे, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. तिच्याभोवती मालक, त्याची दोन पोरं, नालबंद आणि मोबाइलवर शूटिंग करणारा एक भाऊ. अशा घोडीला सुई "लागत" नाही, यात औषधाचा दोष नाही. हे औषध मेंदूतली सावधपणाची घंटा वाजवणारं रसायन कमी करतं. घोडी आधीच भेदरलेली असेल तर ते रसायन अंगभर उसळलेलं असतं, आणि मग औषध त्याच्याशी नुसतं झटापट करत बसतं. अशा वेळी डोसावर डोस चढवला तर गुंगी येत नाही, फक्त पाय लटपटतात. भेदरलेली आणि वर लटपटणारी घोडी ही तबेल्यातली सर्वांत धोक्याची वस्तू.

मी डीजेवाल्याला चहाला पाठवलं, पोरांना बाहेर काढलं, घोडीला तिच्या नेहमीच्या जागी, तिच्या जोडीदाराच्या शेजारी बांधायला लावलं आणि वीस मिनिटं काहीच केलं नाही. मालकाला वाटलं डॉक्टर पैसे वाढवायला वेळ काढतोय. मग कानात कापसाचे बोळे घातले, सुई दिली आणि पुन्हा पाच मिनिटं कुणालाही हात लावू दिला नाही. ही पाच मिनिटं फार मोलाची. शिरेतून दिलेलं झायलाझिन दोन-तीन मिनिटांत दिसायला लागतं, पण पुरतं बसायला पाच लागतात; मांसात दिलं तर पंधरा-वीस, आणि डोसही जवळपास दुप्पट. सुई काढल्याबरोबर "बघू बरं" म्हणून जबडा उघडलात की घोडी जागी होते, आणि एकदा झाली की त्या डोसात ती पुरती सुस्तावत नाही.

फार भित्र्या जनावराला एसप्रोमाझिन किलोला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास अर्धा-पाऊण तास आधी द्यावं, भीतीची धार जाते. त्याने वेदना तसूभरही कमी होत नाही, रक्तदाब मात्र उतरतो. म्हणून रक्त गेलेल्या किंवा उन्हाने सुकलेल्या घोड्याला नको. खच्ची न केलेल्या घोड्याला तर मी देतच नाही. लिंग बाहेर येऊन आत न जाण्याचा धोका थोडा असला, तरी झाला तर जन्माची अडचण.

शिरेबद्दल एवढंच: गळ्याची शीर मानेच्या वरच्या भागात धरा. तिथे शीर आणि खालची धमनी यांच्यामध्ये स्नायूचा एक पट्टा असतो. खाली छातीकडे तो नसतो. सुई आधी सिरिंजशिवाय घाला. काळसर रक्त थेंबाथेंबाने आलं तर ठीक. लालभडक, ठोक्याबरोबर उडालं तर सुई काढा आणि दाबून धरा. धमनीत औषध गेलं तर ते थेट मेंदूत जातं, घोडा त्याच क्षणी झटके येऊन कोसळतो आणि समोर उभा असलेला माणूस खाली सापडतो. औषध शिरेबाहेर गेलं तर एवढं नाटक होत नाही, ते नुसतं "लागत नाही".

शेवटी बाटलीकडे बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पार जातो आणि बाटली दुचाकीच्या डिकीत दोन महिने शिजलेली असते. मी औषधं थर्मासमध्ये नेतो. उन्हाळ्यात कामही पहाटे सहाला लावा. घोडा थंड, रस्ता शांत, माश्या कमी.

सुस्तावला, पण हात लावला की लाथ

खरा घोळ इथे आहे, आणि तो मी स्वतःच्या मांडीवर शिकलो.

बरीच वर्षं झाली. कामठी रोडच्या एका तबेल्यात खच्ची केलेला घोडा, मागच्या पायाच्या गुडघ्याच्या वर हातभर फाटलेली जखम. झायलाझिन छान लागलं होतं. मान गुडघ्यापर्यंत खाली, खालचा ओठ लोंबून त्यातून लाळेची तार, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, पाय फाकवून उभा. जखमेवर माशी बसली तरी कातडी थरथरत नव्हती. मला वाटलं, हा गेला कामातून. पहिला टाका घातला आणि पाय हलला. मी दुसरा डोस दिला. मान अजून खाली गेली. दुसरा टाका घालताना त्याने डोळाही न उघडता जी लाथ मारली ती इतकी नेमकी होती, की माझ्या डाव्या मांडीवर नालेचा अर्धचंद्र तीन आठवडे होता. घोडा लगेच पुन्हा झोपला. टॉर्च धरणारा पोरगा मात्र तबेल्याबाहेर, थेट रस्त्यावर.

चूक डोसाची नव्हती. मी त्याला झोपवलं होतं, दुखणं थांबवलं नव्हतं. झायलाझिन किंवा त्याच जातीचं डेटोमिडिन काही प्रमाणात वेदना कमी करतात, पोटदुखीत तर चांगलीच. पण कातडीतून जाणारी सुई, दाढेच्या मुळाशी खेचणं, खुराच्या जिवंत भागात सुरी, यांना ते पुरत नाहीत. त्यात या औषधांचा गुण असा की मान जमिनीला लागली तरी मागच्या पायांना स्पर्शाची जाणीव राहते, कधीकधी जास्तच तिखट. झोपलेला घोडा अंगाला हात लावताच बेसावध माणसाला उडवतो, तो याच्यामुळे. डोस वाढवून ही लाथ जात नाही. दोन गोष्टींनी जाते.

एक, ब्युटॉर्फेनॉल या वेदनाशामकाची जोड. किलोला ०.०२ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या ३२५ किलोच्या घोडीला साडेसहा मिलिग्रॅम, मि.ली.ला २ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधून सव्वातीन मि.ली. झायलाझिन बसल्यावर, त्याच्या मागून द्या. आधी किंवा एकटंच दिलंत तर घोडा शांत व्हायच्या ऐवजी चुळबुळायला, डोकं झटकायला आणि तबेल्यात फेऱ्या मारायला लागतो, आणि मालक पुन्हा म्हणतो, "इले उलटीच लागली." या जोडीने झायलाझिनही कमी पुरतं.

दोन, जागा बधिर करणं. माझ्या मते हे पहिलंच. २ टक्के लिग्नोकेन प्रत्येकाच्या पेटीत असतं आणि घोड्याच्या बाबतीतच आपण ते विसरतो. जखमेच्या कडेने बारीक सुईने भरा, मग घड्याळ लावून आठ-दहा मिनिटं थांबा. खुरातला पू काढायचा तर मुठ्याच्या खाली, टाचेच्या वर दोन्ही बाजूंच्या शिरांपाशी जो मज्जातंतू जातो तिथे दीड-दोन मि.ली. दर बाजूला. पाय टेकवायला तयार नसलेला घोडा पाच-दहा मिनिटांत सगळं वजन टाकून उभा राहतो आणि मालकाला तो चमत्कार वाटतो. त्यावर त्याला पळवून मात्र बघू देऊ नका. खच्चीकरणात दर अंडात १५ ते २० मि.ली. आणि वर कातडीच्या रेघेत थोडं. शेपटीखालचं, योनीचं काम असेल तर शेपटीच्या पहिल्या दोन मणक्यांमधली फट. पण तिथे हात आखडता. ३२५ किलोच्या घोडीला लिग्नोकेन ३ ते ४ मि.ली.च. जास्त गेलं तर औषध पुढे सरकून मागचे पाय जातात, आणि पाय गेल्याचं कळलेला घोडा वेड्यासारखा उठायला बघतो. काम लांबणार असेल तर तिथे लिग्नोकेनऐवजी झायलाझिन किलोला ०.१७ मिलिग्रॅम, सलाइनमध्ये १० मि.ली. करून देता येतं. उशिरा लागतं, पण तासन् तास टिकतं.

डोळ्याच्या कामात एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की वेगळं सांगतो. कानापुढे, गालाच्या हाडावर दिलेल्या सुईने पापणी मिटायची थांबते, म्हणून सगळ्यांना वाटतं डोळा बधिर झाला. तो मज्जातंतू फक्त हालचालीचा आहे. वरच्या पापणीची जाणीव मारायची तर भुवईच्या हाडातल्या छिद्रापाशी वेगळी सुई हवी.

आणि वेदनेचं औषध काम संपल्यावर नाही, अर्धा तास आधी द्या. फ्लुनिक्सिन शिरेतून किलोला १.१ मिलिग्रॅम, किंवा मेलॉक्सिकॅम ०.६. दोन्ही एकत्र नाही. फ्लुनिक्सिन मांसात देऊ नका, तिथे सडणारा जंतू धरला तर घोडा जातो. फिनाइलब्युटाझोन वापरत असाल तर तेही शिरेतच. थेंब बाहेर गेला तर मानेची कातडी गळून पडते. उन्हाने सुकलेल्या, पाणी न प्यायलेल्या घोड्याला यातलं काहीही देण्याआधी पाणी भरा, नाहीतर मूत्रपिंडावर बेतेल. आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मालकाने आणलेलं डायक्लोफेनॅक हातात आलं तर परत करा. ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकचीही भर पडली. पेंच-ताडोबात गिधाडं पुन्हा वसवायचा खटाटोप सुरू असताना नागपूरच्या डॉक्टरने तरी हे विसरू नये.

मधेच जागा झाला

यात बिघाड काहीच नाही, वेळ संपला एवढंच. झायलाझिन अर्धा-पाऊण तास धरतं, त्यातली वेदना मारणारी ताकद त्याआधीच ओसरते. घोड्याने डोकं उचललं, कान फिरवले की थांबा. पहिल्या डोसाचा तिसरा हिस्सा ते निम्मा द्या आणि पुन्हा पाच मिनिटं. लाथ बसेपर्यंत वाट पाहू नका. डेटोमिडिन मिळालं तर किलोला १० ते २० मायक्रोग्रॅमने तास-दीड तास सहज जातो.

तासाच्या वरचं काम असेल तर मी सरळ सलाइन लावतो. ५०० मि.ली.च्या बाटलीत ५०० मिलिग्रॅम झायलाझिन. पहिला डोस नेहमीसारखा द्यायचा, मग २० थेंबांच्या साध्या सेटवर सेकंदाला एक थेंब. ३२५ किलोच्या घोडीला ते तासाला किलोमागे साधारण ०.५५ मिलिग्रॅम पडतं. मान फार उतरली तर थेंब हळू करा, कान हलले तर जरा सोडा. टप्प्याटप्प्याने सुया देताना घोडा जसा वर-खाली होतो, तसा यात होत नाही.

डुलतोय, पडेल असं वाटतं

डोस थांबवा. घोड्याला शहाबादी फरशीवरून हलवून मातीवर किंवा पेंढ्यावर घ्या, खरं तर तिथेच सुरुवात करायची होती. डोकं गवताच्या भाऱ्यावर टेकवा. खाली लोंबत ठेवलं तर नाकात सूज येते आणि श्वास घरघरतो. शेजारी टेकायला भिंत द्या, माणूस नको. नाडी मोजा. मिनिटाला २८ ते ४४ नेहमीची. या औषधांनी ती उतरते आणि मधेच एखादा ठोका गळतो, त्याला घाबरू नका. घाम आणि धो धो लघवीही अपेक्षित. ताप असलेला घोडा मात्र या सुईनंतर कुत्र्यासारखा धापा टाकतो. तिथे पाणी, पंखा आणि सावली. उतारा म्हणून योहिंबिन आहे, पण घोड्याला घाईने दिलं तर दुसरं टोक गाठतो, म्हणून गळ्याशी आल्याशिवाय नको. गाभण घोडीत झायलाझिनने गर्भाशय आवळतं, टाळता येईल तितकं टाळा. डेटोमिडिन दिलेल्या घोड्याला शिरेतून सल्फा-ट्रायमेथोप्रिम हे जंतुनाशक औषध तर कधीच नाही, हृदयाची लय बिघडून जागीच जातो.

पोटदुखीचा घोडा असेल आणि सुईनंतर अर्ध्या तासात पुन्हा लोळायला लागला, तर ते सुई न लागणं नव्हे. आतडं अडकलंय असं समजा, गाडी मागवा आणि नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरा.

दरवर्षी एक मागणी येते तिच्याबद्दल. "डॉक्टरसाहेब, वरातीत फटाक्याले भिते, थोडीशी सुई देऊन ठेवा ना." नाही. वरचं सगळं वाचलं असेल तर का ते कळलं असेल. सुस्त घोडी पाय फाकवते, ठेचकाळते आणि तरी नेमकी लाथ मारते. तिच्या पाठीवर नवरदेव, पुढ्यात बसवलेला पाच वर्षांचा पोरगा आणि मागे नाचणाऱ्या मावश्या. मी नाही म्हटलं की काहीजण बाटली स्वतः मिळवतात. त्या औषधाचा थेंब टोचणाऱ्याच्या बोटात गेला तर माणसालाही गुंगी येते, रक्तदाब पडतो, आणि वरातीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

डीजेवाल्या त्या घोडीच्या दाढा सव्वापाचला घासून झाल्या. गालाला टोचणारी दोन टोकं निघाली, एक तर मोहरीएवढा व्रण करून बसलेलं. सुईनंतर आतडं मंद असतं आणि गिळणंही धड होत नाही, त्यामुळे चारा घशात अडकतो. म्हणून तिला पुरती जाग येईपर्यंत तोंडाला मुसकी, समोर फक्त पाणी. मालकाला रात्री आठची वरात होती. मी म्हटलं, दुसरी घोडी घे. तो कुरकुरला, फोन काढला, भावाच्या घोडीचं ठरवलं. रात्री नऊला त्याचा फोन आला, "चंदी खाऊन राहिली जी, आज तोंडातून सांडत नाही."